मंगळ गैरहजर

मु. पो. शेरेवाडी, ता. तासगाव, जि. सांगली
फेब्रुवारी १९७८, रविवारी दुपारी, भांडी आवरल्यावर

चि. लालासाहेब यास,

आक्काचे आशीर्वाद. (खरं तर यंदा आशीर्वाद राखून ठेवावेत असं मनात होतं. पण पाठच्या भावाला आशीर्वाद दिल्याशिवाय माझ्या हातून पुढची ओळ लिहवत नाही, तेव्हा घे.) तू, चंद्रा आणि पोरं सुखात असाल. तुझ्या कचेरीतल्या त्या यंत्राची तब्येत कशी आहे? ते त्याच्या गार खोलीत मजेत असेल, आणि तू त्याच्या शेजारी बसून शिंकत असशील. गवती चहा आणि आलं घालून काढा घेत जा. इकडचं सगळं ठीक आहे. ऊस कारखान्याला गेला, म्हैस व्याली, माझा गुडघा पावसाळ्यात दुखायचा तो आता हिवाळ्यातही दुखतो. तुझे दाजी तर इतके ठणठणीत आहेत की त्याचं आम्हालाच दडपण येतं. आज आमच्या घरावर जे काही ओढवलं आहे, ते निम्मं त्यांच्या ठणठणीतपणामुळे आणि निम्मं तुझ्यामुळे.

तुला आठवत असेल, भाऊबीजेला आम्ही पुण्याला आलो होतो. लोकांचे भाऊ ओवाळणी घालतात आणि मेव्हण्यांना फार तर सारसबाग दाखवतात. तू तुझ्या दाजींना कॉम्प्युटर दाखवायला नेलंस. (बाहेर चपला काढायला लावल्यास, तेव्हाच मी ओळखलं होतं की आत दर्शनासारखं काहीतरी असणार.) आत गोदरेजच्या कपाटांएवढी कपाटं गुरगुरत होती आणि तू भोकं पाडलेल्या कार्डांचा एक गठ्ठा त्यांच्या तोंडात घालत होतास. तू म्हणालास, कचेरीचं काम संपलं की यंत्र थोडा वेळ रिकामं असतं, तेव्हा हौस म्हणून मी एक प्रोग्राम लिहिलाय. गाव सांगा, तारीख सांगा, वेळ सांगा, त्या वेळी त्या गावावरचं आकाश जसं दिसेल तसं हे छापून देतं. यांनी ताठ उभं राहून आमच्या गच्चीचे अक्षांश-रेखांश सांगितले. यंत्र दोन वेळा खाकरलं आणि खडखडाट करत वीतभर, हातभर, धोतरभर कागद बाहेर आला. त्यावर ठिपके, फुल्या, इंग्रजी अक्षरं. तुझे दाजी त्या कागदाकडे बघतच राहिले. पलटणीतून पेन्शनीत आल्यापासून, एकदा सांगितल्यावर उलट न विचारता हुकूम पाळणारं असं कुणी त्यांना भेटलंच नव्हतं.

सुभेदाराचं पेन्शनीत आल्यावर कसं होतं ते तुम्हा पुण्याच्या लोकांना कळायचं नाही. आयुष्यभर शंभर माणसं याच्या एका शब्दावर उठली-बसली, आणि एक दिवस त्याच्या हाती ट्रंक देऊन त्याला एसटीत बसवून दिलं. यांनी आधी म्हशींना शिस्त लावायचा प्रयत्न केला. मग ग्रामपंचायतीला. (म्हशी बऱ्या, निदान त्यांनी ऐकून तरी घेतलं.) मग माझ्याकडे वळले. मी शाळेतली बाई आहे, साठ पोरांच्या वर्गापुढं उभी राहते, त्यामुळे त्या मोहिमेत त्यांना माघार घ्यावी लागली. अशा रिकाम्या वेळी तुझा कागद हाताला लागला आणि एकदम सगळं आभाळच त्यांच्या हाताखाली आलं. तुझा प्रत्येक महिन्याचा कागद टपालानं येऊ लागला तसा आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर ताऱ्यांची हजेरी सुरू झाली. थट्टा करत नाही. खाकी स्वेटर, कानटोपी, हातात छडी. अंजना बॅटरीच्या उजेडात कागदावरची नावं वाचणार, आणि हे वर बघून, सापडला तर "हजर" म्हणणार. रोहिणी? हजर. व्याध? हजर. ढगाआड असेल तर आजारी. शुक्र काही महिनाभर दिसणार नाही असं तू कळवलं होतंस, म्हणून शुक्र रजेवर. अंजना बी. एस्सी. होऊन सांगलीहून घरी आली आहे, तिला पहिल्यांदा हसू यायचं. नंतर तिलाही गोडी लागली. संध्याकाळी माझ्या भाकरी थापून होईपर्यंत वरून बापलेकीचा तो पुकारा ऐकू यायचा, आणि खरं सांगते लाला, मला ते बरं वाटायचं.

आता पाप कुठं घडलं ते ऐक. यांनी आयुष्यात जेवढे नकाशे वाचले ते सगळे जमिनीवर पसरून. तसाच तुझा कागद त्यांनी गच्चीच्या फरशीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, होकायंत्र लावून उत्तरेची बाजू उत्तरेला केली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कागदावर पूर्व पश्चिमेला छापली आहे आणि पश्चिम पूर्वेला. दुसरा कुणी असता तर थबकला असता. हे थबकले नाहीत. "कारकुनी चूक," म्हणाले, आणि लाल पेन्सिलीनं तुझी पूर्व खोडून तिथं पश्चिम लिहिली, पश्चिमेची पूर्व केली आणि खाली आद्याक्षरांची सही ठोकली. सरकारी यंत्रानं छापलेल्या दिशा खोडणारा हा भारतातला पहिला माणूस असावा. गंमत अशी की ध्रुव उत्तरेलाच असल्यामुळे तो पहिल्या हाकेला हजर. मृग साधारण मधोमध, तोही थोडा घोटाळून हजर. त्यामुळे नकाशा बरोबर असल्याची यांची खात्रीच पटली. बाकी पूर्वेचे सगळे पश्चिमेला शोधायचे. कसे सापडतील? अर्धी पलटण गैरहजर. गावात आमच्या दर दोन घरांआड एक पेन्शनर आहे; यांनी त्यातल्या चौघांना वर बोलावून कागद दाखवला. चौघांनी वाकून बघितलं, चौघांनी होकायंत्र तपासलं, आणि चौघांचं एकमत झालं की नकाशात काही चूक नाही, तारेच बेशिस्त आहेत. (चौघांपैकी एकानंही मान वर केली नव्हती, हे मी चहा घेऊन गेले तेव्हा पाहिलं.)

मग तुला ती पोस्टकार्डं येऊ लागली. "मंगळ गैरहजर. गुरू गैरहजर. खुलासा मागवावा." तू त्यांना काय उत्तर दिलंस? "दाजी, आकाश स्वच्छ असेल तर दिसेल." धन्य तुझी. अरे, कागद कसा धरायचा एवढं एका ओळीत लिहिलं असतंस तर माझ्यावर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तुम्हा शिकलेल्यांना वाटतं, आपल्याला जे ठाऊक आहे ते जगाला ठाऊकच असणार. असो. पोस्टकार्ड उघडं असतं आणि आमचे पोस्टमास्तर वाचनाचे शौकीन. "मंगळ गैरहजर" हे त्यांनी वाचलं आणि पंचक्रोशीत बातमी गेली की सुभेदारांच्या अंजनाच्या पत्रिकेत मंगळ नाही, पुण्याच्या कॉम्प्युटरनं तपासून लेखी दिलंय. आठवड्याभरात स्थळं येऊ लागली. आपले हरिबा मामा, ज्यांनी आजवर आमच्या घरी फक्त जेवणाच्या वेळेला पायधूळ झाडली, ते थेट लोणंदहून स्थळ घेऊन आले. मंगळ पूर्वेला रोज लालबुंद उगवत होता, आणि खाली त्याच्या गैरहजेरीवर सोयरिकी जुळत होत्या.

लोणंदचं स्थळ मात्र खरंच चांगलं निघालं. मुलगा सयाजी, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, बोलायला मोजका, डोळ्यांनी हसणारा. त्याचे वडील हंबीरराव, तोफखान्यातून ऑनररी कॅप्टन होऊन निवृत्त. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाली. त्या रात्री अंजना माझ्याजवळ येऊन बसली आणि पदराशी चाळा न करता, सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मला तिथंच द्या. दुसरं ठिकाण आता बघू नगा." लाला, आपल्या घरात असं बोलणारी ही पहिलीच मुलगी. मी बोलले नसते, आपली आई तर नाहीच नाही. माझा जीव एवढा भरून आला की मी उठून उगाच डबे पुसत बसले. तेव्हा हे लग्न झालंच पाहिजे, एवढं या घरात मी ठरवलेलं आहे. बाकीचं सगळं पुरुष ठरवतात.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. ते दुपारी यायचे, पण विट्याजवळ त्यांच्या जीपचं चाक फुटलं आणि दिवेलागण होऊन गेल्यावर पोचले. ताटात सुपारी, हळदकुंकू, नारळ सगळं मांडलेलं. कुठल्याही शहाण्या माणसानं आधी सुपारी फोडली असती. पण हजेरीची वेळ झाली होती. यांनी पाहुण्यांना हात धुवायला पाणी दिलं आणि म्हणाले, पाच मिनिटं वर चला, एक सरकारी काम आटपून घेऊ. (व्याह्यावर छाप पाडायची होती, दुसरं काय.) गच्चीवर खुर्च्या मांडल्या. फरशीवर तुझा कागद, चार दगड, लाल पेन्सिलीच्या दुरुस्त्या. अंजना नावं वाचू लागली. ध्रुव हजर झाला. मग तिनं गुरूचं नाव घेतलं, आणि हे पश्चिमेकडं वळून, ज्या बाजूला नुसता अंधार आणि आमचा गवताचा ढीग होता तिकडे नीट न्याहाळून म्हणाले, गैरहजर. आणि गुरू नेमका कॅप्टनांच्या डोक्यावर, पूर्वेला, कंदिलासारखा लखलखत होता. मंगळ त्याच्या खाली. मला खालून चहा आणताना दिसला, हरिबा मामांना मोतीबिंदूतून दिसला. फक्त आमच्या घरच्या सेनापतीला दिसला नाही, कारण तो तिथं असण्याचा हुकूम नव्हता.

कॅप्टन तोफखान्यात सर्व्हेत, म्हणजे मोजणीच्या तुकडीत होते, वाळवंटात ताऱ्यांवरून उत्तर दिशा काढलेली. ते उठले, कागदावर वाकले, लाल पेन्सिलीच्या खोडाखोडीकडे बघून मिशीत हसले. ते हसू महागात पडणार असं मला तेव्हाच वाटलं. मग मोठ्यानं, सगळ्यांदेखत म्हणाले, "सुभेदार, नकाशा भुईवर कशाला मांडलाय? आभाळ काय खाली हाय व्हय? दोनी हातानी डोक्यावर धरा त्यो, आन् खालनं बघा. पूर्व आपसूक पूर्वेला येतीय."

आता हे अगदी बरोबर होतं, हे मला आज कळतं. पण सांगायची ही कोणती रीत? "साहेब" म्हटलं नाही, नुसतं "सुभेदार". आणि ऐकणाऱ्यानं काय ऐकलं? दोन्ही हात वर करा. आपल्याच घराच्या गच्चीवर, व्याह्यासमोर, सुपारी फुटायच्या आधी. हे पांढरेफटक पडले. मग सावकाश म्हणाले, "कॅप्टनसाहेब, ह्या हातांनी लय कायबाय केलंय. पर दोनी एका टायमाला आजवर कुनाम्होरं वर गेलं न्हाईत." कॅप्टन म्हणाले, इथं लढाई कुठं आहे, नकाशाची गोष्ट चाललीय. हे म्हणाले, तीच तर गोष्ट. मग जे सुरू झालं त्यात तारे कुठल्या कुठं राहिले. पायदळ मोठं की तोफखाना. पुढं कोण असतं आणि मागून आवाज कोण करतं. यांनी "ऑनररी" हा शब्द दोनदा उच्चारला, दुसऱ्यांदा जरा सावकाश. शेवटी कॅप्टन म्हणाले, सुभेदारांनी हा कागद एकदा, फक्त एकदा, माझ्यासमोर डोक्यावर धरावा, मी सुपारी फोडतो. ज्या घरात डोळ्यांपुढचा गुरू कबूल करत नाहीत, तिथं उद्या पोराचं काय कबूल करतील? आणि यांनी सांगितलं, सुपारीसाठी हात वर करणारा बाप माझ्या पोरीला मिळालेला नाही. एवढ्या गोंधळात सयाजीनं अंजनाला हळूच विचारलं, यातली रोहिणी कुठली. तिनं बोट दाखवलं, त्यानं पाहिली. दोघांनी मान वर करूनच पाहिली, कागद लागला नाही.

आपल्याकडे भांडण झालं तरी पाहुणा उपाशी जात नाही. सगळे जेवले. पुरणपोळीला कुणी नाव ठेवलं नाही, वाढणारी अंजना आणि जेवणारा सयाजी यांच्याकडे मात्र कुणी बघितलं नाही. दोन्ही बाजूंनी तूप नको, पुरे, असं इतक्या अदबीनं चाललं होतं की मला ओरडावंसं वाटत होतं. जीप गेली. सुपारी ताटातच राहिली, ती अजून देव्हाऱ्यापुढं आहे.

तेव्हापासून हरिबा मामा शेरेवाडी आणि लोणंद यांच्यामध्ये एसटीनं ये-जा करताहेत. (दोन्हीकडे जेवण होत असल्यामुळे त्यांचं वजन वाढलंय, या प्रकरणात फायदा झालेला एकच माणूस.) त्यांनी एक तोड काढली. कागदाचं एक टोक कॅप्टनांनी धरायचं, दुसरं सुभेदारांनी. एकेक हातच वर जातो, त्याला कुणी शरणागती म्हणत नाही. मला ती पटली होती. दोघांनी कबूलही केली. पुढं पूर्वेचं टोक कोणी धरायचं यावर मोडली. मामा परवा ओट्यावर बसून टोपी काढून म्हणाले, "आक्का, पाकिस्तानाशी बोलनी सोपी, ह्या दोघांशी न्हाई." शिवाय कोरेगावकडची एक मुलगी सांगून आली आहे, महिनाअखेरपर्यंत इकडून निकाल लागला नाही तर कॅप्टन तिकडं जाणार, असंही ते सांगून गेले. कॅप्टनांच्या घरात मुलाला विचारायची पद्धत आहे की नाही ठाऊक नाही. आमच्या घरात मुलीनं न विचारता सांगितलं, तरी त्याचा उपयोग झाला नाही.

अंजना रडत नाही, तेच मला सहन होत नाही. संध्याकाळी बापाबरोबर वर जाते, बॅटरी धरते, नावं वाचते. हे "हजर" म्हणतात ते आता खालपर्यंत ऐकू येत नाही. गेल्या आठवड्यात हे सोसायटीच्या मीटिंगला तासगावला गेले होते, तेव्हा मी दिवे लागल्यावर एकटीच वर गेले. चटई टाकली, गुडघ्याला शिव्या देत आडवी झाले आणि तुझा कागद दोन्ही हातांनी तोंडावर धरला. लाला, सगळे तिथल्या तिथं होते. एकही जागचा हललेला नाही. मंगळ तू फुली मारलीस तिथं, गुरू त्याच्या वर, रोहिणी पुढं. यंत्र पुण्याच्या बंद खोलीत, त्यानं बिचाऱ्यानं कधी आभाळ पाहिलेलं नाही, आणि आमच्या गच्चीवरचं आभाळ त्यानं असं बिनचूक मांडलं होतं. मी किती वेळ पडून राहिले कोण जाणे, भाजी करपली. मला इतका आनंद झाला आणि इतका राग आला, दोन्ही एकदम. इतक्या मोठ्या आभाळात कुणाचंही काही चुकलेलं नाही, आणि आमच्या पोरीची सुपारी एका माणसाच्या दोन कोपरांवर अडली आहे.

हे मी यांना सांगावं म्हणतोस? बायकोनं सांगितलेली पूर्व कुठला सुभेदार मानेल? मी आडून प्रयत्न करून पाहिला. त्यांच्या गच्चीवरच्या बाजेच्या वर, कपडे वाळत घालायच्या दोरीला तो कागद चिमटे लावून टांगला, म्हणजे पडल्या पडल्या नजर जाईल आणि आपोआप कळेल. त्यांनी तो काढून घडी घातली आणि सरकारी नकाशे वाळत घालू नयेत अशी मला तोंडी ताकीद दिली.

तेव्हा आता मुद्द्याचं. यापुढे तू या घरी एकही कागद पाठवू नकोस. यंत्र बिघडलं म्हण, साहेबांनी हरकत घेतली म्हण, आभाळ संपलं म्हण, वाटेल ते म्हण. तुझ्या हौसेनं आमच्या घरी जेवढा उजेड पाडला तेवढा पुरे झाला. चंद्राला तिळाचे लाडू हरिबा मामांबरोबर पाठवते आहे. (ते वाटेत खातील, म्हणून जास्त बांधले आहेत.) पोरांचे पापे.

तुझी,
आक्का

ता. क. — वर लिहिलंय की एकही कागद पाठवू नकोस. तसं नाही. एकच पाठव, आणि महिनाअखेरच्या आत पोचेल असा पाठव. त्याच्या डोक्यावर यंत्राच्या अक्षरांत, इंग्रजीत, खाली सहीबिही असली तर उत्तम, असं छापून घे की आधीच्या सर्व कागदांवर, कागद कसा बघावा ही सूचना यंत्राच्या चुकीमुळे राहून गेली, त्याबद्दल यंत्र दिलगीर आहे. म्हणजे यांचंही चुकलं नाही आणि कॅप्टनांचंही. ते यंत्र आहे, त्याला लग्नाची मुलगी नाही, त्याला चूक कबूल करायला काय जातंय? आणि सूचना नीट विचार करून लिही. डोक्यावर धरावा असं अजिबात लिहू नकोस. जमिनीवर पडून बघावा असं लिही. आपल्या भागात पाठ टेकली म्हणजे चीत झाला, हे मला माहीत आहे. म्हणून पुढं असंही लिही की शेजारी शेजारी दोघांनी, एकाच वेळी पडावं. दोघांच्याही पाठी टेकल्या तर कुस्ती बरोबरीत सुटते. कागद मधोमध, एकेक हात दोघांचा. पूर्वेचं टोक कुणी धरावं तेही यंत्रालाच सांगू दे, त्याचं दोघंही ऐकतील.

ता. क. दुसरा — हे पत्र मी लिहिलं हे दाजींना कळता कामा नये. त्यांनाच पोस्टात टाकायला देते आहे, म्हणजे संशय यायचा नाही.

*

रा. रा. लालासाहेब यांस,

पाकीट नीट चिकटवलेले नव्हते, म्हणून वाचले. तुमच्या बहिणीने परिस्थितीचा अहवाल ठीक दिला आहे. भाजी करपल्याचे मला मेथी खाताना कळले होते, कारण आता समजले.

कागद वर धरून बघायचा असतो, हे मला पाहुणे गेल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी समजले. हजेरीनंतर गच्चीवर कुणी नव्हते तेव्हा धरून पाहिला. हात कुणासमोर वर केले नाहीत, त्यामुळे हरकत नाही. कॅप्टन बरोबर होते. हे त्यांना कळवू नये.

मग मी एवढे दिवस का अडून राहिलो, असे तुमच्या मनात येईल. नावे अंजना वाचते. मी वर बघतो, ती कागदात बघते, असे आमचे चालते. लोणंदला गेल्यावर नावे कोण वाचणार, हा विचार सुपारीच्या ताटाकडे बघताना आला, आणि कॅप्टनांनी नेमका तेव्हाच भांडायला मोका दिला. मी तो घेतला. ती रडत नाही हे मलाही दिसते. आता पुरे झाले.

तरी माफीचा कागद वर लिहिल्याप्रमाणे छापून त्वरित पाठवावा. मी तो आल्यावर प्रथमच वाचेन. पूर्वेचे टोक कॅप्टनांना द्यावे, पाहुण्यांचा मान आहे.

आणि लग्नानंतर दरमहा दोन कागद छापावेत. एक इथे, एक सौ. अंजना यांच्या नावे लोणंदला. वेळ दोन्हींवर तीच घालावी. ती तिथे नावे वाचेल, मी इथे हजर म्हणेन.

आपला,
सुभेदार (निवृत्त)